लावणीचं अंग

पॉवर टिलर भाताच्या कोपऱ्याबाहेर निघतो, त्याचा धूर अजून मेरेवर रेंगाळतोय, तेवढ्यात बायका चिखलात उतरतातही. कुडाळ तालुक्यातलं हे गाव, जुलैचा दुसरा आठवडा. एक सर आत्ताच डोंगराकडे सरकली आहे, दुसरी समुद्राकडून येते आहे, आणि मधल्या उघडिपीत होईल तेवढं लावून घ्यायचं आहे. डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या प्लास्टिकच्या खोळी, वर खोचलेली लुगडी, डाव्या हातात तरव्याची मूठ. उजव्या अंगठ्याने दोन-तीन रोपं सुटी होतात, बोटांबरोबर चिखलात जातात, हात वर येतो, पुन्हा दोन-तीन रोपं. पाय मागे मागे सरकतात. 20 सेंटिमीटर बाय 15 सेंटिमीटर अंतर धरलं तर एका गुंठ्यात 3,300 च्या आसपास चूड बसतात. हा कोपरा चार गुंठ्यांचा तरी आहे, आणि याच्या खाली असेच आणखी कोपरे पाणी धरून वाट बघतायत.

मी मेरेवर उभी आहे. हातांच्या त्या वेगापेक्षा माझी नजर पाठींवर खिळून राहते. गुडघे जवळजवळ सरळ, धड कंबरेतून पुरतं वाकलेलं, मान खाली लोंबलेली. ओळ संपेपर्यंत कुणी सरळ होत नाही. इतकं पुरतं वाकलं की कण्यालगतचे लांब स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि धडाचा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. त्यामुळे वाकलेली असेपर्यंत बाईला फार कळ लागत नाही. कळ येते उठताना. वजन टांगून ठेवलेल्या सुंभासारखे ते अस्थिबंध तासाभरात जरासे लांबलेले असतात, उठल्याबरोबर आपल्या मापावर येत नाहीत. तोवर कणा सांभाळायला स्नायू स्वतःला आवळून धरतात. सरळ व्हायला निघालेली पाठ मध्येच अडते ती इथे.

ओळ संपते. थोरल्या काकी दोन्ही हात कंबरेवर ठेवून हळूहळू उभ्या राहतात, थोड्या मागे झुकतात, डोळे मिटतात. पलीकडच्या मेरेवर तरव्याची भिजलेली जुडी पडलेली आहे. ती उचलायला त्या लगेच वाकत नाहीत. आधी मेरेवरून त्या टोकापर्यंत चालत जातात, परत येतात, सुपारीचं खांड तोंडात टाकतात आणि मग जुडीला हात घालतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसावं. पण बराच वेळ वाकून राहिल्यावर लगेच जड उचलणं पाठीला सगळ्यात धोक्याचं, आणि मधली ही मिनिटभराची चाल पाठीला पुन्हा भानावर आणते. काकींचं शेत घरचं आहे म्हणून हे मिनिट त्यांचं त्यांच्याकडे आहे. शेजारच्या कोपऱ्यात मजुरीवर आलेल्या बायका ओळ संपताच दुसरी ओळ धरतात. कुणी मागे राहिली तर मुकादम हाक मारतो. त्यांच्या पाठींना हे मिनिट कोण देणार, हा प्रश्न मला औषधाच्या कुठल्याही गोळीपेक्षा मोठा वाटतो.

वरच्या भाटल्यातून पुतण्या खाली येतोय. डोंबिवलीहून सुट्टी काढून लावणीला आलेला, पंचविशीचा, खांदे भरलेले. डोक्यावर तरव्याच्या जुड्या. चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना तो प्रत्येक पायरीला हात टेकतोय, आडवा होऊन एकेक पाऊल टाकतोय. चढताना असं नव्हतं, चढताना तो भराभर गेला होता.

"काल एवढा नाय होता," जुड्या खाली टाकत तो काकींना सांगतो. शहरात वाढूनही काकींशी तो मालवणीतच बोलतो. "आज सकाळी उठूकच जमना नाय. मांडयो नुसत्यो पेटल्यासारख्यो झाल्यो हत."

"पयल्यांदा असाच होता रे," काकी वर न बघता म्हणतात. "आंग वळाक चार दिवस लागतत."

मी त्याला विचारते, परवा काय केलंस? परवा त्याने दिवसभर उकिडवं बसून तरवा काढला आणि जुड्या उतारावरून खाली आणल्या. माझं उत्तर मला मिळतं. स्नायू आखडत असताना भार उचलतो तेव्हा तो दमतो. पण लांब होत असताना भार पेलतो तेव्हा आतून दुखावतो. उतार उतरताना, हळूहळू उकिडवं बसताना मांडीचा पुढचा स्नायू नेमकं हेच करत असतो. शरीर खाली कोसळू नये म्हणून ताणला जात असतानाच तो धरूनही ठेवतो. त्यात तंतूंच्या आतली बारीक रचना जागोजागी विस्कटते. ती दुरुस्त करायला रक्तातल्या पेशी तिथे पोचतात, सूज येते, मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून त्याच रात्री फारसं काही जाणवत नाही. दुखणं बारा ते चोवीस तासांनी डोकं वर काढतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं.

"आमच्या जिममधला म्हणतो लॅक्टिक अॅसिड साठतं," तो मला म्हणतो. माझ्याशी त्याची भाषा बदललेली असते.

ही समजूत पिढ्यान् पिढ्या टिकली आहे आणि ती खरी नाही. जोराच्या कामात स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट काम थांबल्यावर तासाभरात पूर्वीच्या पातळीवर येतं. तिसऱ्या दिवशीचा ठणका त्याच्या माथी मारता येत नाही. असं दुखणं तंतूंना झालेल्या इजेतून येत असावं, हे थिओडोर हाउ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्येच लिहून ठेवलं होतं.

हे ऐकून त्याला लगेच आराम पडणार नाही, हे मलाही कळतं. तरी मला सांगावंसं वाटतं, कारण या समजुतीपायी माणसं 'आत साठलेलं बाहेर काढायला' दुखरे स्नायू जोरजोराने रगडून घेतात, नाहीतर चांगला घाम निघेपर्यंत आणखी राबतात. त्याला आज हवं ते इतकंच: हलकं काम, चालणं, रात्री गरम पाण्याची आंघोळ, हलक्या हाताने तेल. आठवडाभरात दुखणं जाईल, आणि जाताना एक चांगली गोष्ट मागे ठेवेल. हेच काम पुन्हा केल्यावर पुढचे काही आठवडे त्या मांड्या इतक्या दुखणार नाहीत. काकींच्या मांड्या याच उतारावरून दिवसभर खालीवर करूनही बोलत नाहीत, त्या मृगापासून याच कामात मुरल्या आहेत. चाकरमान्यांनी लावणीच्या पहिल्या दिवशी अर्धाच दिवस राबावं, दुसऱ्या दिवशी थोडं वाढवावं, असं मला मनापासून वाटतं. पण सुट्टी मोजकी, पावसाचा भरवसा नाही, आणि आल्याबरोबर हातपाय हलवले नाहीत तर वाडीत चार तोंडं बोलतात.

सर येते. कुणी आडोशाला जात नाही.

दीडच्या सुमारास मांगरात पेज येते. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, वर भाजलेला सुका बांगडा. सकाळपासून कुणी पाणी प्यालेलं नाही. भर पावसात तहान लागत नाही, पण खोळीच्या आत अंग घामाने निथळत असतंच. एक मुलगी पाय लांब करता करता ओरडते. तिच्या पोटरीत गोळा आला आहे, कातडीखाली गाठ वर आलेली दिसते. काकी तिचा पाय मांडीवर घेतात, टाच धरतात आणि पावलाची बोटं तिच्या नडगीकडे दाबून धरतात. अर्ध्या मिनिटात गाठ विरते. दमलेल्या स्नायूला आखडण्याचा हुकूम मिळत राहतो आणि सैल होण्याचा मिळत नाही, तेव्हा असं होतं. ताण दिला की तो सुटतो. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ हे त्याचं एकमेव कारण नाही, पण दिवसभर राबणाऱ्या शरीराला दोन्ही लागतंच. पेजेची दुसरी वाटी त्या मुलीने घ्यावी म्हणून मीही आग्रह करते.

पेज चाललेली असतानाच आशाताई येतात. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्याला पिशवी, छत्री मोडकी. पिशवीत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आहेत. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्या मोठ्या माणसांनी आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम घ्यायच्या, जेवल्यावर आणि भरपूर पाण्यासोबत. गरोदर बाईला द्यायच्या नाहीत, लहान पोरांना द्यायच्या नाहीत. ताई प्रत्येकीला हातावर गोळी देतात आणि ती घशाखाली उतरेपर्यंत उभ्या राहतात. बायका कंटाळतात, एक तर गोळी पदराच्या गाठीत बांधायला बघते. ताई हसत हसत तिची गाठ सोडतात.

"लेप्टो तुझ्या पदराक नाय होवचो गे. तुका होतलो."

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, घुशी, गुरं यांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, कापल्या-खरचटल्या जागेतून आत शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली तेव्हा हे नाव शहरी घरांत पोचलं. इथे सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात त्याची धास्ती असते. आणि या रोगाचा कावा असा, की तो येतो लावणीच्या अंगदुखीचा वेष घेऊन. ताप, डोकेदुखी, आणि स्नायूंचा ठणका, त्यातही पोटऱ्या आणि कंबर. लावणीत ज्या जागा सगळ्यांच्याच दुखतात, त्याच जागा. लावणीच्या गावात 'अंग दुखता' हे चार जणांनी म्हटलं तर त्यातल्या तिघांना विश्रांती पुरते आणि एखाद्याला त्याच रात्री दवाखाना लागतो. पण चौघंही सांगतात अगदी सारखंच.

ताई वहीत खुणा करतात, मान वर करतात. "टिलरवालो खंय? परवा ह्याच कोपऱ्यात होतो ना?"

"तो दोन दिवस घराकडेच हा. आंग दुकता म्हणान झोपलो हा," काकी म्हणतात. आज टिलर त्याचा भाऊ चालवतोय.

"ताप इलो?"

"ताप नाय म्हणता."

ताई वही पिशवीत घालतात आणि निघतात. मी त्यांच्या मागून जाते.

घर वाडीच्या टोकाला आहे. पडवीत बाकड्यावर चाळिशीचा माणूस कांबळं घेऊन पडलेला, बायको चुलीपाशी. तो उठून बसायला बघतो आणि ओठ चावतो. काय काय दुखतं? कंबर, मांड्या, पोटऱ्यो. टिलरची मूठ धरून हातही गेलेत म्हणतो. टिलर चिखलात रुतला की सगळं अंग लावून ओढावा लागतो, दुखणारच. हे सगळं पटण्यासारखं आहे. टिलरमागे दिवसभर चालणाऱ्याची कंबर दुखली नाही तरच नवल.

ताई त्याच्या पोटरीवर हात ठेवतात आणि बोटांनी दाबतात. तो पाय झटकन ओढून घेतो. पुतण्याच्या मांड्याही सकाळी दुखत होत्या, पण मी दाबल्या तेव्हा तो "हां, इथेच" म्हणाला होता. हा माणूस विव्हळतो. ताई त्याची खालची पापणी ओढून बघतात. डोळे लालभडक आहेत, पण चिपडं नाहीत.

"गोळी काय घेतलंस?"

बायको डब्यातून कागदाची पुडी काढते. नाव नसलेल्या पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्या, दिवसातून तीन वेळा, असं तिला सांगितलेलं. अशा पुड्यांत वेदनाशामक असतं आणि बहुधा त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल. दुखणं दबतं, ताप उतरतो. म्हणून ताप नाही. म्हणूनच आजारी पडल्यावरही तो आणखी एक दिवस चिखलात उतरला होता. आज दुपारची गोळी घ्यायची राहिली आहे, आणि ताईंच्या थर्मामीटरवर 102 दिसतं.

या पुड्यांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. लावणीच्या दिवसांत माणसं त्यांच्यावर उभी असतात. पुडी घ्यायची, नाहीतर कंबरेत सुई टोचून घ्यायची, आणि पुन्हा शेतात. पाणी कमी प्यालेल्या, उपाशीपोटी राबणाऱ्या शरीराला ही औषधं मूत्रपिंडाच्या आणि जठराच्या वाटेने महागात पडतात. आणि ज्या एका खुणेवरून अंगदुखी आणि आजार वेगळे ओळखता आले असते, ती खूण पुसून टाकतात.

रिक्षा येते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पडवीत बाकं भरलेली आहेत, छत्र्या कोपऱ्यात ठिबकतायत. ताई आमच्या माणसाला थेट आत घेऊन जातात. नर्सबाई त्याचं रक्त काढतात, तोवर डॉक्टर मॅडम समोर बसलेल्या बाईची तपासणी उरकतात. मी दारापाशी उभी.

समोरची वयनी पस्तिशीची असेल. लावणीने बोटं आखडली, सकाळी मूठ वळत नाही, असं सांगते. डॉक्टर विचारतात, उठल्यावर मोकळी व्हायला किती वेळ लागतो? वयनी जरा विचार करते. चूल पेटवून, चहा होऊन, पोरांचे डबे भरून होईपर्यंत, म्हणजे तासावर. दोन्ही हातांना? दोन्ही. लावणीच्या आधीपासून? व्हय, होळीपासून. डॉक्टर तिच्या बोटांच्या मुळाचे सांधे एकेक करून दाबतात आणि तपासणीचा कागद लिहायला घेतात. झिजलेला गुडघा सकाळी पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास कुरकुरतो आणि चालू लागला की सुटतो. तासाहून जास्त राहणारा, दोन्ही हातांचा ताठरपणा आमवाताकडे बोट दाखवतो. त्यावर वेळेत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. या बाईने होळीपासून आजवर फक्त बाम चोळला आहे.

दारातल्या आजोबांची गोष्ट थोडक्यात आटपते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून दोन्ही मांड्या आणि दंड जड झालेत. डॉक्टर गोळीचं पाकीट बघतात, मनाने बंद करू नका म्हणतात, रक्ताची तपासणी लिहून देतात, त्यात थायरॉइडही. थायरॉइड मंदावला तरी स्नायू असेच जड आणि ताठर होतात.

मग आमचा माणूस. डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारतात. कधीपासून? पहिल्यांदा काय झालं, दुखणं की थंडी? थंडी, तो म्हणतो. मग डोकं. मग अंग. हे त्याने आतापर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, कारण कुणी या क्रमाने विचारलं नव्हतं. पायाला जखम? टाचेला मोठी भेग आहे, चिखलाने काळी पडलेली. लघवी होते का? कमी होते. रंग? गडद. डॉक्टर त्याला खिडकीपाशी नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघतात. लालीच्या मागे पिवळेपणा मला दिसत नाही. त्यांना शंका येते.

"तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचं नाही," त्या ताईंना सांगतात. "पहिल्या चार-पाच दिवसांत लेप्टोची तपासणी नकारार्थीही येऊ शकते. प्रतिजैविक आत्ताच सुरू करते. पण लघवी कमी आहे, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायला हवं."

बायको विचारते, लावणीचं काय? अजून दोन कोपरे बाकी आहेत, टिलरचं भाडं सुरू आहे. डॉक्टर काही बोलायच्या आत ताईच सांगतात, "तुझो दीर हा, आमी हव. तू ह्येच्यावांगडा जा." मग आवाज खाली आणून, "आणि त्यो पुडयो घेव नको. डॉक्टरांका दाखव."

108 ची रुग्णवाहिका येते. सलाईन लावलेल्या माणसाला आत चढवतात. बायको कांबळं, डबा आणि गोळ्यांची ती पुडी घेऊन मागे बसते.

ताई गाडी वळणाआड जायची वाट बघत नाहीत. छत्री झटकतात, वही उघडतात आणि मला विचारतात, परवा टिलर ज्या कोपऱ्यांत फिरला तिथे कोण कोण उतरलं होतं, तुम्हाला काकींनी काही सांगितलं का? मी आठवून नावं सांगते, त्या लिहून घेतात. त्यातली दोघं खालच्या वाडीची आहेत आणि आज सकाळी शेतात दिसली नाहीत. ताई रिक्षावाल्याला हाक मारतात आणि आम्ही परत खालच्या वाडीच्या रस्त्याला लागतो.